खाडीकडचा अंधार राखताना: नेरूळच्या एका संमेलन केंद्राची प्रकाशयोजना

नेरूळच्या पश्चिम अंगाला, खाडीच्या अगदी जवळ, एक सांस्कृतिक संमेलन केंद्र आहे. इमारत नव्वदच्या दशकातली. एक मोठं प्रेक्षागृह, परिसंवादांसाठी दोन लहान सभागृहं, कलादालन आणि मागच्या बाजूला पायऱ्यांचा खुला रंगमंच. एकांकिका स्पर्धा, डॉक्टरांच्या परिषदा, शाळांची स्नेहसंमेलनं, दिवाळी पहाट असं काही ना काही वर्षभर चालू असतं. संस्थेचं नाव इथे देत नाही. तिचं नूतनीकरण निघालं आणि प्रकाशयोजना आमच्याकडे आली. कार्यकारिणीने दोन गोष्टी मागितल्या होत्या: विजेचं बिल निम्म्यावर यावं, आणि इमारत रात्री पाम बीच रस्त्यावरून उठून दिसावी.

दोन्ही मागण्या रास्त होत्या. त्यांत खाडीचा उल्लेख मात्र नव्हता. या जागेवर दिवा लावायचा तर आधी खाडीचा विचार करावा, मग रस्त्याचा आणि बिलाचा सगळ्यात शेवटी, असं माझं मत पहिल्या बैठकीपासून होतं. त्या क्रमाने काम केलं तर बिल आपसूक खाली येतं. उलट्या क्रमाने केलं तर काही वर्षांत दिवेही जातात आणि त्यांच्यासोबत बचतही.

जुने दिवे काय सांगत होते

गच्चीच्या कठड्यावर चारही बाजूंना मिळून २४ फ्लडलाइट होते, प्रत्येकी ४०० वॅटचे, मेटल हॅलाइड. त्यांतल्या खाडीकडच्या दिव्यांची तोंडं थेट खारफुटीवर होती. ती तशी कोणी आणि का ठेवली, हे कार्यालयात कोणालाच सांगता आलं नाही. बसवले तेव्हापासून ते तसेच होते.

हे दिवे भंगारात द्यायच्या आधी आम्ही ते खाली उतरवून एकेक उघडला. किनाऱ्यालगतच्या कामात मी हे टाळत नाही, कारण त्याच जागी कुजलेला दिवा कॅटलॉगपेक्षा कितीतरी जास्त माहिती देतो. आमच्या वायरमनचा अंदाज होता की उघड्या गच्चीवरचे दिवे जास्त खराब असतील आणि सज्जाखालचे चांगले. निघालं उलटंच. गच्चीवरच्या दिव्यांचा रंग उडाला होता, पण अंग शाबूत होतं. सज्जाखालच्या दिव्यांना मात्र रंगाखालून पांढरी बुरशी फुटावी तसे फोड आले होते. कारण साधं आहे. खारा वारा दोघांवरही मीठ आणून ठेवतो. गच्चीवरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, सज्जाखाली पाऊस पोचत नाही. तिथे ते साठत जातं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि धातू खात बसतं.

दुसरी गोष्ट स्क्रूंची. दिव्याचं अंग ॲल्युमिनियमचं आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल असली की त्यांची छोटी बॅटरी बनते आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. बहुतेक दिव्यांत स्क्रू नवेकोरे होते आणि त्यांच्याभोवतालचं ॲल्युमिनियम भुगा होऊन पडत होतं.

तिसरी गोष्ट आत शिरलेल्या पाण्याची. बाहेरच्या दिव्यांवर आयपी ६५ लिहिलेलं होतं, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत जाणार नाही अशी खात्री. तरी आत पाणी होतंच. दिवा पेटलेला असताना आतली हवा तापून फुगते. जूनमध्ये त्यावर अचानक सर आली की ती हवा झटकन आक्रसते आणि गॅस्केटच्या, म्हणजे रबरी सीलच्या, फटीतून आणि केबल आत शिरते त्या ग्लँडमधून बाहेरची दमट हवा ओढून घेते. असं प्रत्येक पावसाळ्यात कितीतरी वेळा होतं. यावर उपाय आहे, तो म्हणजे दिव्याला हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा छोटा झडपेसारखा पडदा. तो असलेला दिवा घ्यायचा, हे आम्ही त्याच दिवशी निविदेत लिहून टाकलं.

चौथी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मागच्या व्हरांड्यात काही वर्षांपूर्वी स्वस्तातले एलईडी पॅनल बसवले होते. ते जळाले नव्हते, पण पिवळट, मलूल झाले होते. उघडल्यावर दिसलं की चिपच्या आतला चांदीचा मुलामा काळा पडला आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की जो वास येतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. चांदी आणि तांबं दोन्हींना तो काळं करतो. घरातली चांदीची भांडी ज्या कारणाने काळी पडतात तेच इथे चिपच्या आत घडत होतं. नेरूळ, सानपाडा, वाशीच्या खाडीकडच्या इमारतींत एसीची तांब्याची कॉइल लवकर गळते, त्यामागेही हा वायू असतो. तेव्हा या जागेवर एलईडी निवडताना किती वॅटला किती प्रकाश हे विचारण्याआधी आतला धातू गंधकाला तोंड देईल का, हे विचारणं भाग होतं.

खाडी, पक्षी आणि होड्या

ठाणे खाडीत ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यानचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आमची जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर, दक्षिणेला आहे. नकाशावरची हद्द रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, लागू होत नाही. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की ते उठतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन उतरतात. ओहोटीला परत खाडीत जातात. भरती दिवसाउजेडी येते तशी मध्यरात्रीही येते, त्यामुळे हे उड्डाण रात्रीही होतं. नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत हा क्रम चालतो, आणि नेमका हाच आपल्या संमेलनांचा, महोत्सवांचा मोसम.

उजळलेल्या काचेच्या इमारतीने पक्ष्यांचं काय होतं याचं ठळक उदाहरण शिकागोचं आहे. मिशिगन सरोवराच्या काठी असलेल्या मॅकॉर्मिक प्लेस या संमेलन केंद्राच्या एका इमारतीवर ५ ऑक्टोबर २०२३ च्या आसपास एकाच रात्रीत सुमारे हजार स्थलांतरित पक्षी आपटून मेले. पाण्याकाठची जागा, मोठाल्या काचा, आत चालू दिवे आणि स्थलांतराचा मोसम असं सगळं एकत्र आलं होतं. याच इमारतीच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की उजळलेल्या खिडक्यांचं क्षेत्र निम्मं केलं तर धडकांची संख्या कितीतरी पटींनी घटते. पुढे २०२४ मध्ये तिथे पक्ष्यांना काच दिसावी म्हणून काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि धडका खूपच कमी झाल्या. तिथले पक्षी चिमणीएवढे गाणारे होते, आपले रोहित तीन ते पाच फूट उंचीचे. वागणं अगदी तसंच असेल असा दावा मी करत नाही. पण पाण्याकाठचं संमेलन केंद्र, मोठी काच आणि रात्रीचे दिवे हा योग आमच्याकडेही होता, आणि तो मोडणं हातात होतं.

माणसांचंही ऐकायचं होतं. जवळच्या कोळीवाड्यातल्या एका वयस्क नाखवांशी बोलणं झालं. गच्चीवरचे दिवे दाखवल्यावर ते म्हणाले, "ताई, किनाऱ्यावरचा दिवा डोल्यांव आला का पुढचा पानी दिसत नाय. चिखलान होरी कवा रुतते कलत नाय." प्रकाशशास्त्राच्या पुस्तकात ज्याला ग्लेअर म्हणतात त्याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. अंधाराला सरावलेला डोळा एका झगझगीत दिव्याने आंधळा होतो आणि परत सरावायला त्याला बरीच मिनिटं लागतात. होडीवर तेवढा वेळ नसतो.

यातून आमचा पहिला निर्णय ठरला: खाडीच्या बाजूने पाहिलं तर एकही दिवा उघडा दिसता कामा नये, आणि खारफुटीच्या कडेला आमच्या इमारतीमुळे पडणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याहून जास्त नको. पूर्ण चंद्राचा उजेड साधारण ०.१ ते ०.३ लक्स असतो (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप). सभागृहातल्या टेबलावर आपण ३०० ते ५०० लक्स ठेवतो, यावरून तो किती मंद असतो याची कल्पना येईल.

"मग इमारत दिसणार कशी?"

कार्यकारिणीकडे आमच्याआधी आलेला एक प्रस्ताव होता. त्यात रंग बदलणारे १०० वॅटचे ४८ फ्लडलाइट सांगितले होते: भिंतींवर खालून वर, माडांवर निळे, गच्चीवर पांढरे. एलईडी असल्यामुळे त्याला हरित म्हटलं होतं. बैठकीत एक ज्येष्ठ विश्वस्त मला म्हणाले, "मॅडम, एवढा खर्च करून आम्ही अंधारच विकत घ्यायचा का?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. त्यांनी या संस्थेसाठी वर्गणी गोळा करत आयुष्य घालवलं होतं. ती ऐटीत दिसावी ही इच्छा मी हलकी मानत नाही.

उत्तर भिंतीत सापडलं. रस्त्याकडची, म्हणजे पूर्वेची दर्शनी भिंत काळ्या दगडाच्या लादीने मढवायची असं आर्किटेक्टने ठरवलं होतं. दिवसा ती फार देखणी दिसली असती. पण काळा बेसाल्ट अंगावर पडलेल्या उजेडातला जेमतेम दहावा हिस्सा परत देतो, तर चुन्याचा पांढरा गिलावा सत्तर टक्क्यांहून जास्त. डोळ्याला दिसते ती परत आलेल्या उजेडाची चमक. म्हणजे काळी भिंत पांढऱ्या भिंतीइतकी उठून दिसायची तर तिच्यावर सातपट प्रकाश टाकावा लागेल. काळ्या भिंतीसाठी लागलेला तो सहापट जादा प्रकाश बिलात येईल, त्यातला बराच दगडातच मुरेल आणि भिंतीला चुकलेला आकाशात जाईल. आर्किटेक्टने हे ऐकून लगेच पेन्सिल उचलली. काळा दगड तळाशी जोत्यापुरता राहिला आणि वरची भिंत चुन्याच्या गिलाव्याची, उठावाच्या पट्ट्यांची झाली. प्रकाशयोजनेचा सगळ्यात मोठा निर्णय गवंड्याच्या हातून झाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

त्या भिंतीवर आता छज्जाखालून, वरून खाली पडणारे अरुंद झोताचे दिवे आहेत. प्रकाश भिंतीला घासत उतरतो, उठावाच्या पट्ट्यांच्या सावल्या पडतात, आणि जो उरतो तो आवारातल्या फरशीवर येतो, म्हणजे वाटेलाही उपयोगी पडतो. खालून वर टाकलेला झोत भिंत संपली की थेट ढगात जातो आणि पावसाळी ढगांवरून परत शहरावर पसरतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे रोजचं आहे.

रंगतापमान २७०० केल्विन ठेवलं, जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळचं. पांढऱ्या-निळसर प्रकाशातला निळा अंश हवेत जास्त विखुरतो आणि किड्यांनाही तोच जास्त ओढतो. खुल्या रंगमंचाच्या खाडीकडच्या पायऱ्यांवर तर आम्ही अंबर, म्हणजे पिवळट-नारिंगी, एलईडी वापरले, ज्यांत निळा जवळजवळ नसतोच. तिथे रंगांचा नेमकेपणा लागत नाही. पायरीची कड दिसली की पुरे.

सणांचा प्रश्न उरला होता. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गणपती, दिवाळी यांना रंग हवेतच, यावर कोणाचं दुमत नव्हतं, माझंही नाही. पूर्वेच्या भिंतीवर कमी वॅटची एक रंगीत ओळ बसवली. ती ठरलेल्या संध्याकाळी लागते आणि रात्री दहाला बंद होते. खाडीकडच्या बाजूला रंग नाही. विश्वस्तांना हे पटवताना मी पेंचचा दाखला दिला होता: आपल्याच महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं काळं आकाश जपणारं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. अंधार जपणं हे आपल्याकडेही मान्यतेचं काम आहे, एवढं त्यातून पोचलं. पण खरं पटलं ते प्रत्यक्ष नमुन्याने. गिलाव्याचा एक तुकडा आणि काळ्या लादीचा एक तुकडा शेजारी उभे करून एकाच दिव्याने रात्री उजळून दाखवले. त्यानंतर वाद झाला नाही.

बायकांचा प्रश्न

कार्यकारिणीतल्या दोन सदस्य महिलांनी उपस्थित केलेला मुद्दा यापेक्षा अवघड होता. रात्री साडेदहाला नाटक सुटतं. बायका, मुली पार्किंगकडे किंवा सीवूड्स स्टेशनच्या रिक्षाकडे निघतात. मंद उजेड म्हणजे असुरक्षित आवार, असं त्यांचं म्हणणं. यावर "पक्ष्यांसाठी थोडं सोसा" असं उत्तर देणं मला अन्यायाचं वाटलं असतं.

आम्ही जुन्या दिव्यांखाली रात्री उभं राहून मोजलं. फ्लडलाइटच्या झोतात फरशीवर भरपूर लक्स होते आणि त्याच्या कडेला, विजेच्या खोलीमागे काळोख. शिवाय झोत समोरून डोळ्यांत येत असल्याने येणाऱ्या माणसाची नुसती आकृती दिसायची, चेहरा नाही. सुरक्षित वाटायला लागतो तो समोरच्याचा चेहरा ओळखण्याइतका, फरशीवर नव्हे तर चेहऱ्यावर पडणारा उजेड आणि कुठेही अचानक काळोख नसणं. हे दोन्ही कमी वॅटमध्ये होतं, फक्त दिवे जास्त जागी, कमी उंचीवर आणि कमी ताकदीचे हवेत. पार्किंगच्या वाटेवर छातीच्या उंचीचे, पाठीमागे आडोसा असलेले खांब घेतले. भिंतीलगतच्या वाटेवर भिंतच हलकी उजळली, कारण उजळ भिंतीसमोरून चालणारं माणूस लांबून दिसतं. विजेच्या खोलीमागचा कोपरा दिवा लावून सोडवण्याऐवजी कुंपण सरकवून बंदच केला. नाटक सुटल्यावर अर्धा तास वाटेवरचे दिवे पूर्ण, नंतर मंद, आणि कोणी चालत आलं की पुन्हा पूर्ण. त्या दोघी रात्री स्वतः चालून पाहून गेल्या आणि एका वळणावर आणखी एक खांब मागितला. तो बसवला.

पश्चिमेची ओसरी

खाडीकडे तोंड असलेला प्रतीक्षाकक्ष जुन्या इमारतीत पूर्ण काचेचा होता. संध्याकाळी सहाच्या कार्यक्रमाला लोक जमतात तेव्हाच सूर्य समोर, पाण्यावर. काचेतून ऊन, पाण्यावरून तिरीप. म्हणून जाड पडदे कायम ओढलेले आणि आत भर दुपारीही ट्यूबलाइट.

नवी मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. इथे मावळता सूर्य जूनमध्ये पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला असतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. मावळतीचं ऊन इतकं तिरकं असतं की कितीही खोल छज्जा ते अडवत नाही. उभ्या पट्ट्याच लागतात. जून ते सप्टेंबर ढग असतात, तेव्हा खरा त्रास ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे नैर्ऋत्येकडचा सूर्य. म्हणून काचेबाहेर खोल ओसरी काढून तिच्या कडेला भाजक्या मातीच्या उभ्या पट्ट्या लावल्या आणि त्यांची तोंडं वायव्येकडे वळवली. वायव्येला आमच्याच आवारातली झाडं आहेत. खारफुटी आणि चिखलाचा पट्टा नैर्ऋत्येला.

याचा दुहेरी फायदा मला या सगळ्या कामातला सर्वांत समाधानाचा भाग वाटतो. ज्या पट्ट्या नैर्ऋत्येचं ऊन आत येऊ देत नाहीत, त्याच आतला रात्रीचा उजेड नैर्ऋत्येला, चिखलाच्या पट्ट्याकडे जाऊ देत नाहीत. काचेवर पाच सेंटिमीटर अंतराने ठिपके आहेत. आतले दिवे छतात खोल बसवले आहेत, त्यामुळे बाहेरून स्रोत दिसत नाही. नोव्हेंबर ते मे सूर्यास्तानंतर रोलर पडदे आपोआप उतरतात. दिवसा आता कक्षात दिवा लागत नाही, आणि जाड पडदे गेल्याने लोक खाडी पाहत चहा पितात.

प्रेक्षागृह आणि सभागृहं

आतल्या भागाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण इथे नवं फार नाही. देशाची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ ची, २०१७ मध्ये सुधारलेली. ती चौरस मीटरमागे किती वॅट याची मर्यादा घालते आणि ती पाळणं आता कठीण राहिलेलं नाही. अडचणी वेगळ्या असतात.

रंगमंचावरचे जुने १००० वॅटचे 'पार' जातीचे झोतदिवे जाऊन सुमारे २५० वॅटचे एलईडी प्रोफाइल, म्हणजे झोताला हवा तो आकार देता येणारे दिवे, आले. प्रकाशयोजनाकारांची तक्रार होती की जुना दिवा मंद करताना लालसर होत जातो आणि शेवटी विरघळतो, एलईडी शेवटच्या टप्प्यात पायरी पडावी तसा विझतो. तक्रार खरी आहे. एकांकिका स्पर्धेत शेवटच्या प्रसंगाचा फेड आउट हा नाटकाचाच भाग असतो. त्यामुळे स्वस्तातले दिवे नाकारून खालच्या टोकाला गुळगुळीत मंद होणारे घेतले, आणि बाहेरून आपले दिवे आणणाऱ्या मंडळींसाठी काही जुनी डिमर कनेक्शन तशीच ठेवली. परिषदांचं थेट प्रक्षेपण होतं. एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर हलक्या दर्जाचा असला तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर प्रकाश सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि कॅमेऱ्यात पट्टे सरकतात. प्रत्येक नमुना आधी मोबाइलच्या कॅमेऱ्याखाली धरून पाहिला. पोडियमसाठी वक्त्याच्या चेहऱ्यावर बाजूने, तिरका उजेड येतो आणि पडद्याजवळची ओळ वेगळ्या बटणावर आहे, म्हणजे स्लाइड दिसाव्यात म्हणून सगळं सभागृह अंधारात लोटावं लागत नाही.

वीज सगळ्यात जास्त कुठे जात होती? सफाईत आणि तालमींत. रात्री झाडू मारणारी दोन माणसं आणि प्रेक्षागृहाचे सगळे दिवे तासन्‌तास चालू. आता भिंतीवरच्या पॅनलवर मराठीत चार बटणं आहेत: व्याख्यान, पडदा, मध्यंतर, सफाई. सफाईला मोजके दिवे लागतात आणि ते पुरतात. सेन्सर फक्त बंद करतात, चालू माणूसच करतो. आपोआप चालू-बंद होणारे दिवे भाषणाच्या मध्यात एकदा गेले की कर्मचारी सेन्सरवर चिकटपट्टी लावतात, हे मी अनेक सभागृहांत पाहिलं आहे, आणि त्यांचा त्यात दोष नाही.

मिठात टिकण्यासाठी

बाहेरच्या दिव्यांसाठी निविदेत लिहिलं: तांबं कमी असलेला एलएम ६ सारखा ॲल्युमिनियमचा ओतीव मिश्रधातू, ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू आणि प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर, दाब सोडणारा पडदा, गंधकरोधक एलईडी. ड्रायव्हर दिव्यात नकोत; ते आत कोरड्या, हवेशीर खोलीत एका रांगेत. एलईडी स्वतः क्वचित मरतो, आधी ड्रायव्हरमधला कपॅसिटर जातो, आणि त्याचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. गच्चीवर मेच्या उन्हात डब्यात कोंडलेला ड्रायव्हर म्हणजे मुद्दाम ओढवून घेतलेला खर्च.

आणखी एक अट माझ्या आग्रहाची: ड्रायव्हर असे हवेत की संस्थेचा इलेक्ट्रिशियन मुंबईत लोहार चाळीच्या वीजसामानाच्या बाजारात जाऊन त्या मापाचा दुसरा आणू शकेल. परदेशी कंपनीचा सुंदर दिवा, ज्याचा सुटा भाग चार महिन्यांनी येतो, तो टिकाऊ म्हणवत नाही. त्या चार महिन्यांत तिथे बाजारातला सहा हजार पाचशे केल्विनचा पांढरा फ्लडलाइट टांगला जातो आणि मग तोच राहतो. कोणताही बाहेरचा दिवा साध्या घडीच्या शिडीच्या आवाक्याबाहेर ठेवला नाही. आणि सज्जाखालचे दिवे पावसाळा संपल्यावर व उन्हाळ्यात गोड्या पाण्याने धुवायचे, हे शिपायांच्या कामाच्या तक्त्यात लिहिलं गेलं.

हिशेब

बाहेरच्या दिव्यांचा हिशेब कागदावर सोपा आहे. जुने २४ फ्लडलाइट, चोकसकट सुमारे साडेदहा किलोवॅट, संध्याकाळी साडेसहा ते बारा: वर्षाला २१,००० युनिटच्या घरात. रंगीत एलईडीचा तो पहिला प्रस्ताव तेवढ्याच वेळेसाठी सुमारे ९,६०० युनिट. आमची योजना एकूण ९०० वॅटची, त्यातला ६०० वॅटचा भाग दहाला बंद आणि ३०० वॅटचा दहानंतर (नाटक असेल तर ते सुटल्यावर) पहाटेपर्यंत तीस टक्क्यांवर: वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास. नुसत्या एलईडीने निम्म्याहून थोडी जास्त बचत झाली असती. पुढची सगळी बचत कुठे दिवा लावायचा नाही आणि कधी विझवायचा, यातून आली.

खारफुटीच्या कडेला लक्समीटर धरून आमचे दिवे चालू आणि बंद असं दोन्ही मोजलं. आमच्यामुळे पडणारी भर मीटरला जेमतेम कळते. पण आमचे सगळे दिवे बंद असतानाही तिथे पौर्णिमेहून जास्त उजेड असतो, कारण रस्त्यावरचे दिवे आणि मागचे उंच टॉवर. एका इमारतीने आकाश काळं होत नाही. रोहित परत आले, रोहित वाढले, असं काही या कामाच्या खात्यावर मांडता येणार नाही, आणि कोणी तसं छापू नये असं मी संस्थेला सांगून ठेवलं आहे.

जे अजून चालू आहे

सगळ्यात मोठी गळती लग्नांची निघाली. संस्थेचं उत्पन्न हिवाळ्यातल्या रिसेप्शनवर चालतं, आणि डेकोरेटर आपले दिवे घेऊन येतो. पहिल्याच मोसमात एका डेकोरेटरने खुल्या रंगमंचावरून खाडीच्या दिशेने फिरते झोत सोडले. वॉचमनने थांबवायला सांगितलं तर वधूकडचे चिडले, आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं होतं: त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं. आता भाडेकरारात मराठीत, ठळक अक्षरात कलम आहे. आकाशात किंवा खाडीकडे झोत नाहीत, बाहेरची सजावट पूर्वेच्या हिरवळीवर, दहाला बंद, आणि अनामत रकमेचा काही भाग याच अटीसाठी. बुकिंगच्या टेबलावर बसणारा कर्मचारी हे कलम वाचून दाखवतो. डेकोरेटरना उबदार रंगाच्या माळा आणि खाली तोंड केलेले दिवे चालतात. त्यांच्यासाठी हिरवळीवर वेगळी कनेक्शन काढून दिली आहेत.

मागच्या रस्त्यावरच्या दोन खांबांचा उजेड खारफुटीवर पडतो. त्यांना मागून पत्र्याचा आडोसा लावावा, असा अर्ज संस्थेने केला आहे आणि आडोशाचं रेखाचित्र आम्ही सोबत जोडलं आहे. येत्या पावसाळ्यानंतर सज्जाखालचे काही दिवे, गच्चीवरचे काही आणि पायऱ्यांवरचे काही असे उतरवून उघडायचे ठरले आहेत. चांदी काळी पडली आहे का, स्क्रूभोवती भुगा आहे का, आत ओल आहे का, हे पाहून पुढच्या खरेदीची यादी बनेल.